खांब कुठाय?

दोन चुलतभाऊ, मध्ये एक बांध, आणि दोघांच्या हातात वेगवेगळ्या मोजणीच्या दोन ‘क’ प्रती, म्हणजे हद्दी दाखवणारे मोजणीचे नकाशे. बांधात तीन फुटांचा फरक. मी भूमापक, असली प्रकरणं महिन्याला चार येतात. हे मात्र डोक्यातून जात नाही.

लोकांना वाटतं, रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र, उभा केला की हद्द बोलते. रोव्हर एवढंच सांगतो की तो स्वतः कुठे उभा आहे. हद्द असते टिपणात, म्हणजे मूळ मोजणीच्या जुन्या नोंदीत, साखळी-आण्यांत. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. ते टिपण जमिनीवर बसवायला त्या काळची न हललेली खूण लागते. ती हुडकण्यात अर्धा दिवस जातो, आणि वरिष्ठ विचारतात, आज किती प्रकरणं निकाली?

चिंचेखाली यंत्र ‘फ्लोट’वरून ‘फिक्स’वर, म्हणजे अंदाजे जागेवरून पक्क्या जागेवर, येईना. थोरले आबा शेजारी उकिडवे बसलेले.

“कशाची वाट बघताय साहेब?”

“वरच्या घड्याळांची.”

मग सांगत बसलो. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. वेगामुळे त्यांचं घड्याळ दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं, पण तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून 45 पुढे पळतं. म्हणजे 38 पुढे. ते तसंच सोडलं तर दिवसाला दहाएक किलोमीटरची चूक साठेल. म्हणून पाठवतानाच ते मुद्दाम हळू लावतात.

“हळू लावलेलं घड्याळ खरं कसं? खरं कुणाचं, त्याचं का आपलं?”

“दोन्ही आपापल्या जागी बरोबर.”

“आसं कसं? स्टँडवर शेजारची एसटी मागं सरकली की आपलीच सुटल्यागत वाटतं. मग खांबाकडं बघायचं. खांब कुठाय?”

वर खांब नाही, हे आबांना पटेना. खरं तर मलाही सहज पटलेलं नाही.

धाकट्याचा बीएस्सीवाला पोरगा म्हणाला, “सर, शेवटी सगळं सापेक्षच. त्यांचं त्यांना बरोबर, आमचं आम्हाला.” डोकंच फिरलं. आइनस्टाइनने 1905 साली सापेक्षता मांडली, तेव्हा ज्याचं त्याचं खरं असं म्हटलेलं नाही. दोघांची घड्याळं जुळली नाहीत तरी प्रकाशाचा वेग दोघांनाही तोच मिळतो, आणि एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा आकडा चोख काढता येतो. हे पुस्तकात शिकून पोरं नेमकं उलटं बोलतात.

त्या तिरीमिरीतच दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. कोपऱ्या-कोपऱ्यातली अंतरं दोन्हीकडे तंतोतंत तीच! अख्खं शेतच तीन फूट सरकलेलं. दोन्ही मोजण्या सुरू झाल्या होत्या विहिरीच्या काठावरून.

“आबा, विहीर कधीची?”

“बहात्तरच्या दुष्काळातली. काठ ढासळला म्हून मागनं रुंद करून बांधली.”

दोन मोजण्यांच्या मधल्या काळात. दुसऱ्या मोजणीवाल्याने नवा कठडा जुना समजून धरला होता. एवढं विचारायला किती वेळ लागतो?

शिवेवरचा जुना दगड घाणेरीच्या जाळीतून उकरून काढला, तिथून टिपण बसवलं. पहिली प्रत जुळली. आबांच्या बाजूने लागलं. धाकटा निमतान्याच्या, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीच्या, गोष्टी करू लागला.

गाडीत बसलो तर आबा खिडकीशी. “साहेब, इहीर सरकली. मग त्या दगडाखालची जमीन सरकत नसंल कशावरनं?”

सरकते. वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर, ईशान्येकडे. विहीर, चिंच, बांध सगळ्यांसकट. पण धाकटा चार पावलांवर कान देऊन उभा होता. मी काच वर केली.