फॉर्म्बीची फेरी आणि आमची पूररेषा

समुद्र आत येतोय, तर येऊ दे, आपण मागे सरकू, असं ठरवून मोकळे झालेले लोक मला पहिल्यांदा इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलजवळच्या फॉर्म्बीला दिसले, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आपण नाशिकची, गंगेकाठची, म्हणजे गोदावरीकाठची माणसं. पाणी आलं की ते थोपवायचं कसं, याच्याच गप्पा ऐकत मोठी झालेली. इथे किनारा वर्षाला सरासरी चार मीटर मागे हटतोय, गाड्या लावायच्या जागेवर वाळू चढतेय, आणि ही जमीन ज्यांच्या ताब्यात आहे ती नॅशनल ट्रस्ट ही संस्था सरळ सांगते की समुद्राला भिंत घालायची नाही, पार्किंगच आत न्यायचं. मला हे आधी पटलंच नाही. अजूनही सगळं पटलंय असं नाही. पण आईला घेऊन तिथली फेरी केली, काही गोष्टी जवळून पाहिल्या, म्हणून लिहायला बसले.

लिव्हरपूल सेंट्रलहून साउथपोर्टची लोकल पकडायची आणि फ्रेशफील्डला उतरायचं. अर्ध्या तासाचा प्रवास. स्टेशनबाहेर सरळ पश्चिमेकडे रस्ता, दोन्ही बाजूंना मोठमोठे बंगले, आणि ते संपले की पाइनचं जंगल सुरू. जंगलातून वाळूच्या टेकड्या, टेकड्यांवरून किनारा, किनाऱ्याने चालत पुन्हा जंगल आणि स्टेशन, असं हे वर्तुळ. रमतगमत अडीच तास. चढ म्हणाल तर वाळूच्या टेकड्यांचा तेवढाच.

आईने श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी वर्षानुवर्षं केलेली आहे, तीही रात्री निघून, अनवाणी. आता गुडघ्यांनी ते थांबवलं. त्यामुळे "गोल फिरून परत येतो" एवढं सांगताच ती तयार झाली, पण तिची एक अट होती. बहुतेक लोक आधी समुद्राकडे जातात आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालतात. आई म्हणाली, "अगं, प्रदक्षिणा अशी उलटी घालतात का? मधलं उजव्या हाताला पाहिजे." मग आम्ही आधी जंगलातून दक्षिणेला लाइफबोट रोडपर्यंत गेलो आणि किनाऱ्याने उत्तरेकडे आलो, समुद्र डावीकडे, जंगल उजवीकडे. याचा एक फायदाही झाला. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा असतो. तो आमच्या पाठीवर राहिला आणि समोरून येणारी माणसं डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून मान खाली घालून चालत होती.

हे जंगल मुळात इथलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनदारांनी वाळू उडून जाऊ नये म्हणून पाइन लावले. त्यातले पुष्कळसे कॉर्सिकन जातीचे, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटाकडचे. आपल्याकडे काशीदला, दिवेआगरला सुरूचं बन ज्या कारणाने लावलं, तेच कारण. फरक एवढाच की आपल्या सुरूच्या बनात आपण गाडी घालतो, चूल मांडतो, आणि इथे जंगलात आग पेटवायला सक्त मनाई. पाइनच्या वाळलेल्या सुयांचा थर एवढा जाड की चालताना पावलाचा आवाज येत नाही. आईच्या गुडघ्यांना ती जमीन फार मानवली. डांबरी रस्त्यावर पाच मिनिटांत बसायला जागा शोधणारी आई इथे माझ्यापुढे चालत होती.

जंगलाच्या मधोमध अचानक सपाट शेतं लागतात. ही ॲस्पॅरॅगसची, म्हणजे शतावरीच्या कुळातल्या कोवळ्या कोंबांच्या भाजीची. वाळूच्या टेकड्यांमधली जागा सपाट करून लोकांनी ती पिकवली, आणि एकेकाळी इथला ॲस्पॅरॅगस लिव्हरपूलहून अमेरिकेला जाणाऱ्या बोटींवर जेवणात असायचा. नुसत्या वाळूत हे कसं पिकलं? सोनखतावर. लिव्हरपूल शहरातला मैला रेल्वेने इथे आणून जमिनीत घालायची व्यवस्था टॉमस फ्रेश या शहराच्या आरोग्यखात्यातल्या अधिकाऱ्याने केली. फ्रेशफील्ड हे नाव त्याच्यावरूनच आहे. शहरातली घाणही हटली आणि वाळूची शेतीही झाली. माझे आजोबा निफाडला द्राक्षं करायचे. सोनखत म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि हल्लीची पोरं नाक मुरडतात म्हणून चिडायचेही. त्यांना हे ऐकायला फार आवडलं असतं.

फॉर्म्बीला लोक येतात ते खरं तर खारींसाठी. लाल खार इंग्लंडमधून जवळजवळ नाहीशी झाली आहे, कारण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणून सोडलेल्या करड्या खारी. त्या आकाराने मोठ्या, खाणं पळवणाऱ्या, आणि वर एक देवीसारखा रोग बाळगणाऱ्या. त्यांना स्वतःला त्या रोगाने काही होत नाही, लाल खार मात्र मरते. 2008 साली ही साथ इथे आली आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त लाल खारी गेल्या. ज्या थोड्या उरल्या त्यांच्यापासून पुन्हा वाढल्या. म्हणून खारींना खायला घालू नका असं सांगतात. एका जागी खाणं मिळालं की सगळ्या तिथे गोळा होतात आणि रोग पसरतो.

आईच्या पिशवीत शेंगदाणे होतेच. ते पिशवीतच राहिले. एका पाइनच्या बुंध्याशी एक खार पाइनचं फळ दोन्ही हातांत फिरवत त्याचे खवले सोलत बसली होती, कानांवर केसांचे उभे झुपके, शेपटी अंगाएवढी. खवल्यांखालची बी काढून खायची आणि उरलेला दांडा खाली टाकायचा, दाणे खाल्लेल्या कणसासारखा. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हिच्या पाठीवर रामाची बोटं नाहीत." पंचवटीत जन्मलेल्या बाईला खार दिसली की पाठीकडेच नजर जाणार. मला त्या क्षणी नाशिकची इतकी आठवण झाली की बोलवेना. कपालेश्वराच्या पायऱ्या, उन्हात वाळत घातलेली लुगडी, रामकुंडावरचा गलका. इथे सगळं स्वच्छ, सगळं देखणं, आणि ज्याला हात जोडावा असं काही नाही.

पुढे किनारा. इथे मुख्य गोष्ट.

लाटांनी टेकड्यांचा पाया खाल्ल्यामुळे वाळूचे सरळ कापलेले कडे उभे आहेत. त्यांतल्या एका कड्यात काळपट थर दिसतो. लिव्हरपूलच्या तंबाखूच्या कारखान्यांतला टाकाऊ माल विसाव्या शतकाच्या मध्याला इथे आणून ओतला होता. तो आता समुद्र उघडा पाडतोय. 2013-14 च्या हिवाळ्यातल्या वादळांनी एका हंगामात काही वर्षांची जमीन नेली. हे पाहताना माझं रक्त गरम होत होतं. एवढा श्रीमंत देश, एवढी यंत्रं, आणि नुसते बघत बसलात?

पण यामागे जो विचार आहे तो कळायला मला किनाऱ्याकडे नीट पाहावं लागलं. फॉर्म्बीच्या टोकावरून निघालेली वाळू हरवत नाही. लाटा आणि प्रवाह ती उत्तरेला साउथपोर्टकडे आणि दक्षिणेला हाइटाउनकडे नेतात. इथे भिंत घातली तर ती वाळू अडकेल आणि शेजारचे किनारे उपाशी राहतील. शिवाय वाळूची टेकडी एका जागी राहणारी नाहीच, समुद्र पुढे आला की ती मागे सरकते. तिला मागे सरकायला जागा पाहिजे, आणि नेमकं तिच्या पाठीशी हे लावलेलं जंगल उभं आहे. म्हणजे जे रक्षणासाठी लावलं त्याच्यामुळेच टेकडी चिमटीत सापडली. हे मला कुणी नाशिकमध्ये सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

आणि पावलं. समुद्र वरची वाळू ओढून नेतो तेव्हा खालचा जुना, कडक झालेला चिखल उघडा पडतो, आणि त्यात माणसांची पावलं असतात. सगळ्यात जुनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. अनवाणी मोठी माणसं, मुलं, शेजारी हरणांचे खूर, क्रौंच पक्ष्यांची नखं, आज जगात नसलेल्या ऑरॉक्स या रानबैलाचे भलेमोठे ठसे. गॉर्डन रॉबर्ट्स या निवृत्त शिक्षकांनी 1989 पासून रोज किनाऱ्यावर फिरून त्यांची नोंद ठेवली, फोटो काढले, साचे केले. कारण जो समुद्र हे उघडं करतो, तोच थोड्याच भरत्यांत पुसूनही टाकतो. आईने विचारलं, "मग झाकून का नाही ठेवत?" झाकायचं तर समुद्र अडवायला हवा. आणि समुद्र अडवला असता तर हे दिसलंच नसतं. एका शिक्षकाने उरलेलं आयुष्य या कामाला दिलं याबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

आता आपल्याबद्दल. पूर किती आला हे आपण गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला, आणि 2008 आणि 2019 साली पाहिलं तसा पार बुडाला. जगात इतकी सोपी आणि सगळ्या गावाला कळणारी मोजपट्टी फार थोड्या गावांकडे असेल, आणि याचा मला अभिमान आहे. पण ज्या पाण्याची खूण आपण एवढ्या भक्तीने ठेवली, त्याच पाण्याच्या पात्रात आपण काँक्रीट ओतलं, जुने कुंड त्याखाली गाडले. 2008 नंतर पूररेषा आखल्या गेल्या. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कागदावर हे फॉर्म्बीसारखंच आहे, पाण्याला त्याची जागा सोडा.

फक्त आमच्या मामाचा वाडा त्या निळ्या रेषेच्या आत आहे. सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, पणजोबांच्या वेळचा. नवीन बांधायला परवानगी नाही, जुना किती दिवस उभा राहील सांगता येत नाही, आणि विकायला जावं तर पूररेषेतलं घर घेणार कोण? दर पावसाळ्यात तळमजल्यावरचं सामान माडीवर. मी फोनवर फॉर्म्बीचं कौतुक सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "त्यांचं पार्किंग गेलं, माझं घर जातंय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. साउथपोर्टला, जिथे वस्ती आहे तिथे, इंग्रजांनीही समुद्राला भक्कम भिंत घातलेली आहेच. मोकळ्या जमिनीवर उदार होणं कुणालाही जमतं. आणि सिंहस्थात लाखो माणसं एका दिवसात रामकुंडावर उतरणार म्हटल्यावर घाट लागणारच. तो विचार इथल्या कुणाला कधी करावा लागला नाही. फॉर्म्बीला गर्दी झाली की गाड्या परत पाठवतात. आपल्याला भाविक परत पाठवता येत नाहीत, आणि पाठवूही नयेत.

पण सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायची बातमी आली तेव्हा मी इथून रात्ररात्र जागून पाहत होते. नाशिककर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. "तू तिकडे बसून काय बोलतेस," असं मला दोघातिघांनी ऐकवलं. बोलेन. माझे पैसे इथे मिळतात, मुलीची शाळा इथे आहे, म्हणून मी इथे आहे. तपोवनात लहानपणी मीही फिरले आहे आणि माझा हक्क लिव्हरपूलचं तिकीट काढल्यावर संपला नाही. आणि नाशिकला झाडं राखायचं कुणी शिकवायची गरजही नाही. नाशिकजवळचा बोरगडचा उजाड झालेला डोंगर नाशिकच्याच निसर्गप्रेमींनी पुन्हा हिरवा केला आणि 2008 साली तो संवर्धन राखीव झाला. ज्या वर्षी इथे खारी मरत होत्या, त्याच वर्षी. हे इथे मी भेटेल त्याला सांगते.

मला एवढंच म्हणायचंय की नदीला जागा सोडायची असेल तर रेषा आखण्याआधी आतल्या माणसाला त्याच पेठेत किंवा जवळपास घर द्या. मामा उद्या निघेल. त्याला वाड्याचा हट्ट नाही, गंगेचा आहे.

येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. एप्रिल-मे चांगले; तेव्हा ॲस्पॅरॅगसचा हंगाम असतो आणि संध्याकाळी टेकड्यांमधल्या डबक्यांत नॅटरजॅक नावाचे दुर्मीळ भेक मोठ्याने ओरडतात. वाटेत चहाची टपरी मिळेलच असं नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीत अनोळखी माणसं हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवतात ते इथे विसरा, थर्मास आणि डबा घरून न्या. टेकड्यांवर लाकडी वाटेवरूनच चाला, कारण ज्या गवताने वाळू धरून ठेवली आहे ते पायाखाली मरतं. आणि निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ नक्की बघा. आपण नाशिकचे लोक हे विसरतो. ओहोटीला समुद्र इतका लांब जातो की पाण्यापर्यंत चालत जावंसं वाटतं, पण खाली मऊ चिखलाचे पट्टे आहेत, पाय रुततो, आणि भरती वाटते त्यापेक्षा लवकर येते. टेकड्यांच्या कडेकडेने चाला, पण कड्याला चिकटून बसू नका. ती वाळू ढासळते.