'काय करूचो नाय तो' हे वाक्य आता आमच्या घरात बंद

गेल्या गणपतीत आमचा कुत्रा शेरू शेजारच्या काकूंच्या नातीला चावला. इतके महिने मी यावर काही लिहिलं नाही, कारण आमच्या वाडीत असं काही झालं की दोन्ही घरं गप्प बसतात, एक रागाने आणि एक लाजेने, आणि बाकीचे म्हणतात जाऊंदे, मुका प्राणी आहे. पण मला आता बोलायचंय, कारण चूक शेरूची कमी आणि आमची जास्त होती.

गौरी आणायचा दिवस होता. आमच्या परसात फणसाच्या मागे गडग्याला लागून तेरडा भरपूर येतो, आणि आजूबाजूची पोरं गौरीसाठी तो न्यायला येतात, वर्षानुवर्षं. काकूंची ही नात नऊ वर्षांची, मुंबईहून आलेली. शेरू फणसाला साखळीने बांधलेला. ती जरा थबकली तर बाबा ओटीवरनं म्हणाले, "ये गो बाय, भियाव नको, काय करूचो नाय तो." मीही तिथेच होते, दुर्वा निवडत, आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, आधीच्या प्रत्येक कुत्र्याबद्दल. पोर दोन्ही हातांत तेरडा घेऊन परत येताना वाकली, एक जुडी खाली पडली होती ती उचलायला. शेरू भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. सरळ पोटरी धरली.

मग जे झालं त्यातलं एकच नीट झालं, ते म्हणजे मी तिला उचलून खळ्यातल्या नळाखाली बसवलं आणि कपड्यांचा साबण घेऊन जखम धुवायला लागले. फोनवर 15 मिनिटांचा टायमर लावला. 15 मिनिटं म्हणजे किती असतात ते रडणाऱ्या पोरीचा पाय हातात धरल्याशिवाय कळत नाही. दातांच्या चार खुणा, त्यातल्या दोन खोल, साबणाचा फेस गुलाबी होऊन माडाच्या आळ्यात जात होता. तेवढ्यात एक आजी मिरचीपूड घेऊन आल्या, कुणीतरी हळद आणली, कुणी म्हणे अमक्या गावात कुत्र्याचं गावठी औषध देतात, एकदा घेतलं की झालं. मी सगळ्यांना नाही म्हटलं, थोडं ओरडूनच म्हटलं. रेबीजच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं, म्हणून साबण आणि वाहतं पाणी. मिरचीने जखम फक्त चिघळते. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य, त्यामुळे गावठी औषध घेऊन वाट बघण्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या तिसरी श्रेणी लिहिलं, म्हणजे कातडी फाटून रक्त आलंय. अशा वेळी नुसती लस पुरत नाही कारण लशीने शरीरात ताकद तयार व्हायला दिवस लागतात, तोवर तयार प्रतिद्रव्यं लागतात, ती इम्युनोग्लोब्युलिन नावाने मिळतात, वजनावर मोजून थेट जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात. ते मी बघितलंय. परत कधी बघायला लागू नये. जखमेवर टाके घातले नाहीत, ते शक्यतो टाळतातच. लस दोन्ही दंडांवर कातडीत, त्या दिवशी, मग 3ऱ्या, 7व्या आणि 28व्या दिवशी. काकू बिचाऱ्या सारख्या विचारत होत्या पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची का म्हणून, ते कधीच बंद झालंय, पण त्या भीतीने अजूनही लोक दवाखान्यात जायचं टाळतात म्हणून मुद्दाम लिहिते.

डॉक्टरांनी मला विचारलं, कुत्र्याची लस झालीये ना? मी म्हटलं हो. घरी येऊन ड्रॉवर उघडला, लाइट बिलांच्या खाली कार्ड होतं, आणि लशीची मुदत शिमग्यात संपली होती. पाच महिने झालेले. खाली बसले मी तिथेच.

पुढचे 10 दिवस शेरूवर लक्ष ठेवायचं होतं. चावल्यानंतर 10 दिवस कुत्रा धडधाकट राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. खातोय का, पाणी पितोय का, आवाज बदललाय का. मी रोज सकाळी काकूंना जाऊन सांगायचे, आज जेवला. त्या दारातूनच ऐकायच्या.

त्याच आठवड्यात सगळे मोबाइलवर सुप्रीम कोर्टावरून भांडत होते. 11 ऑगस्ट 2025ला दिल्लीतले भटके कुत्रे उचलायचा आदेश आला होता, मग 22 ऑगस्टला तो बदलून नसबंदी आणि लस करून त्याच भागात सोडायचे, फक्त रेबीजवाले आणि अंगावर येणारे सोडायचे नाहीत, असं ठरलं. आमच्या खळ्यातही चाकरमानी यावर तावातावाने बोलत होते. आणि चावला कोण, तर घरचा, नाव असलेला, भाकरी-मासे खाऊन वाढलेला.

मग मी साखळीकडे बघितलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच बघितलं. जेमतेम चार फूट, आणि फणसाच्या बुंध्याभोवती तेवढाच गोल, गवताची एक काडी नसलेला, खाली कातळ दिसायला लागलेला. शेरू सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत त्या गोलात असायचा. फटाके, आरत्यांचे टाळ, अनोळखी माणसं, सगळं त्याने तिथूनच झेललं, पळायला जागा नाही. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर त्याच्याकडे एकच रस्ता उरतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960चा कायदा आहे, त्याच्या कलम 11 मध्ये आखूड साखळीला फार वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हे दोन्ही चक्क गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पहिल्यांदा दंड 10 ते 50 रुपये, इतका की कुणाला त्याचं काही वाटू नये. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 291 वेगळं आहे, आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काकूंनी तक्रार केली असती तर आम्हाला बोलायला तोंड नव्हतं.

आणि गुरगुरला का नाही, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ज्या डॉक्टरांनी नंतर शेरूला लस दिली त्यांनी विचारलं, गुरगुरल्यावर काय करता? बाबा म्हणाले, एक काठी देतो. डॉक्टर म्हणाले, मग तो गुरगुरायचं विसरला, चावायचं नाही विसरला. गुरगुरणं म्हणजे लांब राहा असं सांगणं, ते मारून बंद केलं की उरतो तो थेट दात. त्याआधीच्या खुणाही असतात, अंग ताठ होणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, सारखी जीभ फिरवणं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे हेही खरं नाही, ताठ उभी शेपूट हलवतही कुत्रा चावतो.

आमच्याकडे अजून एक पद्धत आहे, दिवसा बांधायचा आणि रात्री सोडायचा, राखणीला. मग तो रस्त्यावर जाऊन बाइकच्या मागे लागतो, वळणावर माणूस पडतो, आणि सकाळी कुत्रा कुणाचा विचारलं तर कुणाचाच नसतो. बाहेर बांधून ठेवला तरी बिबट्याला आयता, पळताही येत नाही. आणि पिल्लं झाली की पिशवीत घालून मच्छी मार्केटला सोडून येणारे आहेत, मुंबईहून आणलेला कुत्रा परत जाताना इथेच ठेवून जाणारेही आहेत, मग तेच कुत्रे टोळीने किनाऱ्यावर फिरतात, वेळास, वायंगणीसारख्या ठिकाणी कासवांची घरटीसुद्धा उकरतात. नको असलेल्या पिल्लांवर उपाय एकच, नसबंदी, आणि ती घरच्या कुत्र्याचीही करायची असते. आणि रेबीजवर उपाय लस, आमच्या शेजारी गोव्याने दरवर्षी कुत्र्यांना लस टोचून टोचून रेबीज आटोक्यात आणला, 2021 मध्ये तसं जाहीर झालं. तिथले कुत्रे आणि आमचे कुत्रे काही वेगळे नाहीत.

शेरूची लस झाली, नसबंदी झाली. परसाला जाळीचं कुंपण केलंय, आत तो मोकळा असतो, बाहेर निघाला की पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मोठं माणूस. सकाळ-संध्याकाळ बाबाच त्याला फिरवतात, आधी कुरकुर केली, आता पाऊस असला तरी जातात. घरात माणसं येणार असतील तर तो मागच्या पडवीत दार लावून. कुणी विचारलं चावतो का, तर बाबा सांगतात, "होय, एकदा चावलोहा, लांब रव."

पोर बरी आहे. चारही डोस झाले, शेवटच्या दोन्ही वेळी मी बरोबर गेले होते, काकू नको म्हणाल्या तरी. पोटरीवर दोन वण राहिलेत. शिमग्याला आली होती. आमच्या फाटकासमोरचा रस्ता जवळचा पडतो तरी ती वरच्या पाणंदीने फिरून गेली, आणि मी खळ्यातून बघत होते, हाक मारली नाही.