मागून आलेला आर्क

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या वर्गात मी वेल्डिंग शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी सिडकोतून एका विद्यार्थ्याच्या मामांचा फोन आला. "सर, भाच्याचे डोळेच उघडत नाहीयेत. मध्यरात्रीपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणतो. बटाट्याच्या चकत्या ठेवून पाहिल्या, काही फरक नाही."

बटाटा काढा, डोळे चोळू देऊ नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या, असं मी सांगितलं. आर्क लागला होता, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोताचा उजेड डोळ्यांना बाधला होता, हे उघड होतं. आर्कमधली अतिनील किरणं बुबुळावरचा नाजूक थर भाजतात आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. म्हणून वर्गातून हसत गेलेलं पोर रात्री रडत उठतं. डॉक्टरांनी मलम आणि थेंब दिले. बधिर करणारे थेंब तपासणीपुरतेच वापरले, घरी दिले नाहीत. ते योग्यच होतं, कारण त्यांनी दुखणं थांबतं, पण जखम भरायला उशीर लागतो. दोन दिवसांत डोळे बरे झाले.

मला मात्र कोडं सुटत नव्हतं. आदल्या दिवशी मी त्याच्या शेजारीच उभा होतो. नेहमीचा वेल्डिंग रॉड, करंट 110 अँपिअरच्या आसपास, डोक्यावर आपोआप काळी होणाऱ्या काचेचं हेल्मेट, शेड (काचेच्या काळेपणाचा आकडा) 11. हेल्मेट त्यानं एकदाही वर केलं नव्हतं. काच काळी व्हायला उशीर झाला असेल, असं एक सहकारी म्हणाले. पण चांगल्या हेल्मेटचा फिल्टर काळा झालेला नसतानाही अतिनील आणि अवरक्त किरणं अडवतच असतो. काळेपणा फक्त झगझगाटासाठी असतो. म्हणजे किरणं काचेतून आलीच नव्हती.

शेवटी गॉगल लावून, त्यावर तेच हेल्मेट घालून मी त्याच्या जागेवर उभा राहिलो आणि पलीकडच्या मुलाला आर्क मारायला सांगितलं. काचेच्या आतल्या बाजूला लख्ख चमक दिसली! मागं वळून पाहिलं तर जागामालकांनी नुकतंच बसवलेलं कोऱ्या, चकचकीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचं पार्टिशन. शेजाऱ्याचा आर्क त्या पत्र्यावरून उलटून, हेल्मेटच्या उघड्या पाठीकडून आत शिरत होता आणि काचेवर आपटून थेट डोळ्यांत जात होता.

तेव्हापासून नवख्यांसाठी सामान घेताना मी हेल्मेटवर थांबत नाही. हातात धरायची स्क्रीन तर मी पहिल्या महिन्यात देतच नाही. नवख्याचा रॉड चिकटतो, तो खाली वाकून बघतो, झटका देतो, आणि स्क्रीन वर यायच्या आत आर्क पेटलेला असतो. डोक्यावरचं हेल्मेट घ्यावं, शेड 9 ते 13 बदलता येणारं, फिल्टरवर ईएन 379 चा, म्हणजे वेल्डिंग फिल्टरच्या युरोपीय मानकाचा, शिक्का असलेलं. त्या शिक्क्यातल्या चार आकड्यांत 1 जितके जास्त, तितकी नजर स्वच्छ. गॅस कटिंगचे गॉगल हलक्या शेडचे असतात. स्वस्त पडतात म्हणून ते आर्कला वापरणाऱ्यांना मी दुकानातच अडवलं आहे.

आणि हेल्मेटच्या आत, बाजू झाकणारा पॉलिकार्बोनेटचा (मजबूत प्लास्टिकचा) पांढरा गॉगल. तो पारदर्शक दिसतो म्हणून मुलांचा विश्वास बसत नाही, पण पॉलिकार्बोनेट अतिनील किरणं जवळपास पूर्ण शोषून घेतं. शिवाय स्लॅग, म्हणजे जोडावर जमणारा कडक थर, झोडताना हेल्मेट वर असतं, आणि तापलेला तुकडा नेमका तेव्हाच उडतो. जॉब (जोडायचा तुकडा) धरणाऱ्या हेल्परलाही हाच गॉगल हवा. आर्क पेटला की तोंड फिरवतो म्हणून त्याला कुणी काही देत नाही, आणि डोळे त्याचेच जास्त लाल होतात. हेल्परलाही गॉगलसोबत हेल्मेट द्या, असं मी प्रत्येक फॅब्रिकेशनवाल्याला सांगतो.

घामानं गॉगलवर वाफ धरते, ही तक्रार खरी आहे. वाफ न धरणारा लेप असलेला गॉगल थोडा महाग पडतो, पण मुलं तो काढून ठेवत नाहीत. पत्र्याला आम्ही टायटॅनियम डायऑक्साइड असलेला मॅट राखाडी रंग दिला, कारण तो अतिनील किरणं फारशी परतवत नाही. दोन जागांच्या मध्ये वेल्डिंगचे पडदे लावले. मामांना वर्गात बोलावून सगळं दाखवलं. भाच्याला परत पाठवायचं त्यांनी तिथंच कबूल केलं.