आतेच्या दोन सह्या

लिस्बनमध्ये घर घ्यायला निघालो तेव्हा पगाराच्या स्लिपा, पासपोर्ट, कर्जाची कागदपत्रं असं सगळं फायलीत लावून नेलं होतं. नोटरीबाईंनी विचारलं, "लग्न झालंय? कुठल्या पद्धतीने?" मी म्हटलं, हिंदू पद्धतीने. बाई हसल्या. त्यांना सप्तपदीशी कर्तव्य नव्हतं; नवरा-बायकोच्या मालमत्तेची पद्धत हवी होती. सगळंच सामाईक, की लग्नानंतर कमावलेलं तेवढं सामाईक, की ज्याचं त्याचं वेगळं? इथे खरेदीखतात नावापुढे हे लिहितात. मी आरोंद्याची, नवरा कुडाळचा. अकरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, आम्हीही एकमेकांना नाही.

शेवटी 'वेगळं' असं लिहिलं गेलं. आपल्याकडे ज्याच्या नावावर त्याचं, म्हणजे वेगळंच की.

रात्री आतेला फोन लावला. आते पेडण्यात असते. आरोंद्याहून तेरेखोलच्या पुलावरून पलीकडे गेलं की पेडणे तालुका, म्हणजे गोवा. तिला पद्धत वगैरे समजावून सांगायला लागले तर तिने मला मध्येच तोडलं. "आमचा अर्धा-अर्धा. माजी सय नाय तर तुज्या मामांका एक माडय इकूक गावचो नाय."

तिचं लग्न गोव्यात नोंदलेलं. तिथे कचेरीत दोनदा जावं लागतं, पहिली सही आणि दुसरी सही. मधल्या दिवसांत कोणाची हरकत असेल तर घ्यायची. आधी करारनामा करून वेगळं काही ठरवलं नसेल, तर दोघांची मालमत्ता एकत्र. माहेरून वारसाने आलेलंही त्यात आलं. आणि मुलांना डावलून सगळी इस्टेट दुसऱ्याच्या नावे करायची सोय नाही. अर्धा वाटा त्यांच्यासाठी राखीव, मुलगा असो की मुलगी.

गंमत अशी की हा कायदा गेला इथूनच. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता गोव्यात लागू झाली, 1961 मध्ये पोर्तुगीज गेले, पण संहिता राहिली. इकडे पोर्तुगालने 1967 पासून नवी संहिता आणली: करारनामा नसेल तर फक्त लग्नानंतर कमावलेलं सामाईक, वारसाने आलेलं ज्याचं त्याचं. पुढच्या भेटीत नोटरीबाईंना आतेचं सांगितलं तर त्या उडाल्याच. "ती पद्धत? ती तर माझ्या आजीच्या लग्नाची!"

टीव्हीवर समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं नाव येतंच. पण तिथेही सगळं समान नव्हतं. 1880 च्या हुकुमात हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा होती. बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, अशा त्या अटी. आणि पोर्तुगालचंच बघा: 1940 मध्ये पोपशी करार केला आणि त्यानंतर चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोट बंद. तो उघडायला 1975 उजाडलं.

आतेची दुसरी सही मी लहानपणी पाहिलेली. आजोबा गेल्यावर. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगीही वारस, त्यामुळे तिचं नाव सातबाऱ्यावर लागणार होतं. ते लागू नये म्हणून हक्कसोडपत्र. सावंतवाडीहून सही करून सगळी परत आली, आईने पडवीत पाट मांडला, आतेची ओटी भरली, हिरवी काठाची साडी दिली. बाबा कलमांकडे बघत उभे होते. आते जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली. गावात सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. वाटा मागणारीला काय म्हणतात तेही गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

नदीच्या एका काठावर तिच्या सहीशिवाय माड हलत नाही, दुसऱ्या काठावर तिची सही फक्त बाहेर पडण्यापुरती. बाई तीच. गोव्यातही बहिणी नोटरीकडे जाऊन हक्क सोडतात, हे तिनेच सांगितलं. "कायदो आसा गो, पण भावाक नाय कोण म्हणतला?"

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. त्या वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मी दादाइतकीच हिस्सेदार आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की हा हक्क जन्मानेच, 2005 साली बाप हयात असो वा नसो. दादाने गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला. "दूतावासातून साक्षांकित करून पाठव, घाई नाही." खाली आंब्याच्या मोहोराचा फोटो.

आतेने काल विचारलं, "केलंस सय?"

मी म्हटलं, यंदा गणपतीक तू आरोंद्याक येतलंस मा?

"इषय बदलू नको," ती म्हणाली.