बाईंची सुतळीची जाळी

'शाळेने मला काय दिले' यावर लिहा, असं स्मरणिका समितीचं पत्र आलं. प्रयोगशाळा, गॅदरिंग, प्रार्थनेची रांग यांवर बाकीचे लिहितीलच. मला आठवतात त्या पीटीच्या बाई.

आमच्या वेळी पिंपळाकडच्या बास्केटबॉलच्या रिंगला जाळी नव्हती, नुसतं लोखंडी कडं. बॉल आतून गेला की बाहेरून, यावर रोज भांडण. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई वाण्याकडून सुतळीचं बंडल घेऊन आल्या, शिपाईमामांकडून उंच स्टूल मागितलं, पदर खोचला आणि चढल्या. मी खाली स्टूल धरून. कड्याच्या एकेका आकड्यातून सुतळी ओवायची, गाठ मारायची, दातांनी ओढून बघायची. तास-दीड तास चाललं होतं. मधेच म्हणाल्या, "वर काय बघतेस? बॉल आला तर पास कुणाला देणार, ते बघ." मैदानावर चिटपाखरू नव्हतं! पण बाईंचं असंच. मी बुटकी म्हणून मला पॉइंट गार्ड, म्हणजे पास देऊन खेळ चालवणारी, केलं आणि बाकीच्या चौघी कुठे उभ्या आहेत ते डोळे मिटून सांगायला लावायच्या. पहिल्याच पावसाळ्यात जाळी कुजली, ते सोडा.

२००२ साली एम.एस.साठी फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात गेले. तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच होती डॉन स्टेली. उंची पाच फूट सहा इंच, तीही पॉइंट गार्ड, त्याच उत्तर फिलाडेल्फियातल्या सरकारी वसाहतीत वाढलेली. २००० मध्ये कोच झाली, पण खेळणं सोडलं नाही. उन्हाळ्यात डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे तिकडच्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, शार्लट स्टिंग या संघाकडून खेळायची, हिवाळ्यात टेंपलच्या मुलींना शिकवायची. २००४ला अथेन्सच्या उद्घाटनात अमेरिकेचा झेंडा तिच्या हातात होता. परतली ती तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन. मी अभ्यास सोडून सामन्यांना जायचे (आईला हे आत्ता कळेल).

२००८ला ती साउथ कॅरोलायना विद्यापीठात कोच म्हणून गेली. पहिल्या मोसमात १० विजय, १८ पराभव. मग २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. शेवटच्या वेळी ३८ सामन्यांत एकही हार नाही. मधे टोकियोत अमेरिकेच्या संघाची कोच म्हणूनही सुवर्ण.

तिकडे जिंकलेला संघ शिडीवर चढून रिंगची जाळी कात्रीने कापतो आणि तुकडे वाटून घेतो. १९९९ला पर्ड्यू विद्यापीठाला हेच विजेतेपद जिंकून देणाऱ्या कृष्णवर्णीय कोच कॅरोलिन पेकने आपल्या जाळीचा तुकडा स्टेलीला दिला होता. तो ती जवळ बाळगायची. पुढे स्वतः जिंकल्यावर तिने आपल्या जाळीचे तुकडे देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचना पाठवले. हे मी बाईंना फोनवर कौतुकाने सांगितलं. बाई म्हणाल्या, "चांगली जाळी कापतात? मग परत विणतं कोण?"

मागच्या डिसेंबरात शाळेत डोकावले. पिंपळाखाली पेव्हर ब्लॉक, त्यावर गाड्या. रिंग दिसली नाही. समितीने जागा तेवढी द्यावी, खांब आणि बोर्डाचा खर्च माझा. जाळीचं बाई बघतील. गुडघे धरलेत त्यांचे, तेव्हा स्टूलवर मी चढेन. खालून सांगतीलच काय बघायचं ते.