राज्य खोटं, लाकूड खरं

स्मरणिकेसाठी फोन आला तेव्हा मी गोदीत होतो. शेजारी ग्राइंडर चालू होता, त्यामुळे ‘सुवर्णमहोत्सव’ हा शब्द तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळला. "शाळेच्या आठवणी लिहा, पाचशे शब्दांत," असं मंडळाचं म्हणणं होतं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन लिहायला बसलो, तर पाचशे शब्द बाईंवरच संपले. बाकी शाळा राहिलीच. ती इतर कुणीतरी लिहीलच.

बाईंचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत तेव्हा चार बाई होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की इतिहासाच्याच. १९८६च्या आमच्या दहावीच्या तुकडीला तरी विचारायला लागणार नाही.

बाई घाटावरच्या. पहिल्यांदा खाडी ओलांडताना होडीत डोळे मिटून बसल्या होत्या, हे आम्हाला तरवाल्याने सांगितलं होतं आणि आम्ही ते वर्षभर पुरवून हसलो. अशा बाईंनी आम्हा खाडीकाठच्या पोरांना जहाज शिकवलं.

१९८३चा जुलै. आठवीचा वर्ग, म्हणजे कोपऱ्यातली कौलारू खोली, जिथे गळतीखाली बादली असायची. गणिताचे सर रजेवर होते. बाई आल्या आणि फळ्यावर एक किनारा काढला, त्याला एक खाडी, मागे डोंगर, डोंगरावर झाडी. म्हणाल्या, "हे एक राज्य आहे. राजा आहे, पैसे थोडे आहेत, जहाज एकही नाही. याने गोदी काढली. त्या गोदीचा शंभर वर्षांचा इतिहास तुम्ही लिहायचा."

राज्याला नाव काय द्यायचं यावर दोन दिवस भांडण झालं. शेवटी ‘आमचं राज्य’ एवढंच राहिलं. बाईंची अट एकच होती. राज्य खोटं चालेल, लाकूड खरं पाहिजे. म्हणजे राजा, लढाया, सनावळी काय वाटेल ते रचा, पण जे घडेल ते कुठेतरी खरोखर घडलेलं असलं पाहिजे आणि कुठे ते विचारलं तर सांगता आलं पाहिजे. आम्हाला वाटलं, हा खेळ आहे. आजूबाजूच्या वर्गांनाही तसंच वाटलं. "आठवीत नुसता गोंधळ चालतो," अशी तक्रार वरपर्यंत गेली होती म्हणे.

कामं वाटली गेली. सुतारवाडीतला एक जण मुख्य मेस्त्री. मला बाजारातल्या दुकानदाराचा मुलगा म्हणून हिशेब आणि रोजनिशी. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला जाणाऱ्यांच्या घरातली एक मुलगी होती, ती वर्गात फारशी बोलत नसे. तिला बाईंनी ‘पाण्याकडचं’ खातं दिलं. तेव्हा त्या खात्याचं महत्त्व कुणाला कळलं नव्हतं. मला तर नाहीच.

पहिल्याच महिन्यात आमच्या राज्याचा परदेशी कारागीर रात्रीतून पळून गेला. ही कल्पना आमची, पण बाईंनी विचारलं, "कुठे घडलंय?" आम्ही गप्प. मग त्यांनी सांगितलं. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिकडे जहाजं बांधायला काढली, तेव्हा रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा कामावर होते, त्यांच्या हाताखाली आणखी कितीतरी माणसं. आपल्याच दारात आरमार उभं राहतंय हे पोर्तुगीजांच्या लक्षात आलं आणि त्यांनी १६५९च्या सुमारास या मंडळींना फोडून परत नेलं. वर्ग एकदम शांत. मग आमचा मेस्त्री मागच्या बाकावरून म्हणाला, "गेले तर जांवदेत. हात हयच आसत मां?"

बाई कितीतरी वेळ हसत होत्या. मग त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं, मालवणीतच, वहीत लिहायला लावलं. प्रमाण मराठीत लिहू का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "गोदीत जो बोलला त्याचीच भाषा." शाळेच्या वहीत मालवणी लिहायची परवानगी मला आयुष्यात तेव्हाच मिळाली.

दुसरी गोष्ट झाडांची. मेस्त्रीने पाच गलबतं आणि एक गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, काढायची ठरवली. मी हिशेबात साग धरला, आईन धरला, आणि कमी पडलं तिथे ‘गावातले फणस व आंबे तोडून’ असं लिहून मोकळा झालो. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने एवढंच होतं: "मालकाला विचारलंत का?" मला ती थट्टा वाटली. मग बाईंनी आज्ञापत्रातला आरमाराचा भाग वाचून दाखवला. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात लिहिलंय की आंबा, फणस ही झाडंही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती अजिबात नको. मी घरी येऊन आमच्या परसातला बरका फणस बघितला. तो माझ्या आज्याने लावलेला. हिशेब नव्याने मांडला तर एक गुराब कमी झाली. मेस्त्री माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

आता माझी फजिती. लिहिणार नव्हतो, पण तिच्यामुळेच आज मी आहे तिथे आहे.

पहिलं गलबत तयार झालं, म्हणजे वहीत. ते पाण्यात सोडायचा दिवस रोजनिशीत मीच ठरवला. अष्टमी. का, तर त्या दिवशी आमच्याकडे कुळधर्म असायचा आणि मला वाटलं, शुभ दिवस आहे. थाटात वाचून दाखवलं, तर पाण्याकडच्या खात्याची ती मुलगी ताडकन उभी राहिली. "अष्टमीक भांग असता! गलबत काय चिखलात लोळवतलंस?"

अख्खा वर्ग बाकं वाजवायला लागला. खाडीवर जन्मलेल्या पोराला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती कधी आणि भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती कधी हे माहीत नसावं, ही शरमेची गोष्टच होती. पण आम्ही बाजारातले. आमची खाडी म्हणजे माल येतो ती जागा. बाई रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उद्यापासून पंधरा दिवस धक्क्यावर जायचं. खांबावर खडूने खूण करायची, पाणी कुठवर आलं, किती वाजता आलं. तिथीसकट लिहून आणायचं."

मी गेलो. पावसात खडूची खूण टिकेना, तर धक्क्यावरच्या एका आजोबांनी कोळसा आणि डांबर दिलं. "बाईन धाडल्यान तुका?" एवढं विचारून ते रोज माझ्याबरोबर बसायला लागले. तिथीची पाऊणपट हे त्यांनी शिकवलं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि पाणी सगळ्यात वर. पंधरा दिवसांत खांबावर माझ्या खुणांची एक चढती-उतरती रांग झाली आणि अष्टमीची खूण सगळ्यात खाली होती. माझ्या मापाने पौर्णिमेपेक्षा दोन हात खाली. मी वर्गात जाऊन आपणहून सांगितलं की गलबत पौर्णिमेला सोडू. बाईंनी विचारलं, "कुळधर्माचं काय?" मी म्हटलं, "गलबताला नाही." याही वेळी त्या हसल्या.

त्यानंतर सहामाही संपल्यावर त्या आम्हाला विजयदुर्गाजवळ गिर्येला घेऊन गेल्या, आंग्र्यांच्या काळातली गोदी दाखवायला. काही खडकात कोरलेली, काही बांधीव, साधारण साडेतीनशे फूट लांब. तेव्हाही तिथे गाळ होता, आम्ही घोट्यापर्यंत रुतलो. बाईंनी मला पुढे बोलावलं, "आता तू सांग." आणि मी, अष्टमीवाला, सगळ्यांना सांगत होतो की उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी निघून गेलं की ते कोरडं उभं राहतं, मग बुडाचं काम. इथपर्यंत ठीक होतं. परतताना विजयदुर्ग किल्ल्याकडे बघत बाई १७५६चं बोलल्या. फेब्रुवारी महिना, समोरून वॉटसनचं आरमार, जमिनीवरून क्लाइव्ह, आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने. एका जहाजाला आग लागली आणि तुळाजी आंग्र्यांचं एकमेकांना खेटून उभं असलेलं सगळं आरमार जळालं. "बांधायला किती वर्षं लागली असतील, रोजनिशीवाले?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी आमच्या राज्याची जहाजं वहीत खाडीभर लांब लांब नांगरली.

त्याच खाडीत १७८३च्या एप्रिलमध्ये मराठी आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज धरून आणलं होतं, त्याला त्या वर्षी दोनशे वर्षं झाली होती. बाईंना त्याचा कार्यक्रम करायचा होता. झाला नाही.

मी आता एकतीस वर्षं माझगावच्या गोदीत आहे, नियोजन विभागात. १५ जानेवारी २०२५ला ‘सुरत’, ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या, तिन्ही आमच्याकडच्या. सांगायला अभिमान वाटतो, आणि आपल्या शाळेच्या पोरांनी तो वाटून घ्यायला हरकत नाही. पोलादाचं जहाज झालं, संगणक आला, तरी जहाज पाण्यात सोडायचं म्हटलं की पहिल्यांदा भरतीचं कोष्टक उघडतात. नव्या इंजिनिअर मुलांना मी पाऊणपट सांगतो. ती मोबाइलवर ताडून बघतात आणि माझ्याकडे जरा आदराने बघायला लागतात. श्रेय माझं नाही, हे मी त्यांना सांगत नाही. इथे सांगतो.

मुलगी इंग्लंडला असते. २०१९ मध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा हट्टाने हार्टलपूलला गेलो. तिथे ‘ट्रिंकोमाली’ ही जुनी युद्धनौका पाण्यात उभी आहे, १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, मलबारच्या सागाची. तिचे इंग्लंडहून निघालेले नकाशे ज्या ‘जावा’ जहाजावर होते ते १८१२ मध्ये अमेरिकनांशी लढताना गेलं, नकाशेही त्याच्याबरोबर, आणि दुसरी प्रत येईपर्यंत थांबावं लागलं. ही गोष्ट बाईंनी आठवीत सांगितली होती, आमच्या मेस्त्रीला चिडवायला, की बघ, कागद लागतो कधीकधी. मी त्या जहाजाच्या फळीवर हात ठेवून उभा राहिलो. दोनशे वर्षांचा साग, अजून गुळगुळीत. मुलीने फोटो काढला. तो बाईंना पाठवायला हवा होता. पाठवायचा राहिला, आणि त्या पुढच्या पावसाळ्यात गेल्या.

मध्ये शाळेत येऊन गेलो. स्लॅब पडलाय, आठवीच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, गळती नाही, बादली नाही. चांगलंच आहे. पण खिडकीतून खाडी दिसायची, तिथे आता सायकल स्टँडचा पत्रा आहे. एका मुलाला विचारलं, आज भरती किती वाजता? तो म्हणाला, बघून सांगतो, आणि नेटवर्क शोधत मैदानाच्या टोकाला गेला. धक्क्यावरचा खांब काढलाय. तिथे काँक्रीट झालंय, माझ्या डांबराच्या खुणा अर्थातच गेल्या.

इतर गुरुजनांबद्दल काहीच लिहिलं नाही, त्यांनी राग मानू नये. गणिताच्या सरांचे तर आभारच, त्या जुलैत रजेवर गेल्याबद्दल.

आमच्या राज्याचा इतिहास सदतिसाव्या वर्षापर्यंतच झाला, कारण वार्षिक परीक्षा आली. शंभर वर्षं कुणी पूर्ण केली नाहीत. वही माझ्याकडे आहे. मंडळाने प्रदर्शनासाठी मागितली आहे, पण मूळ वही मी देणार नाही. झेरॉक्स काढून या लेखाबरोबर पाठवतोय. पान ४१ वर मधोमध मोठा डाग आहे, तिथलं वाचता येत नाही. तो चहा माझ्या हातून सांडलेला नाही, बाईंच्या हातून सांडलाय. खाली त्यांनी तसं लिहून सही केली आहे, तारीख आणि तिथीसकट.