टाचेवरचा डाग
शुक्रवार, १६ जानेवारी. रात्री साडेदहा.

आज कप्पडकळी. नंदीध्वजांची वस्त्रं उतरली आणि सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा संपली. होम मैदानावरचा गड्डा मात्र अजून चालणार, पाळण्यांचा गोंगाट आमच्या गच्चीवर ऐकू येतोय. यंदाही मी गेले नाही. अप्पा गेल्यापासून त्या गर्दीत माझी नजर आधी लोकांच्या पायांकडेच जाते.

अप्पा ६८ लिंगांच्या फेरीला अनवाणीच निघायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या टाचेवर मसुरीएवढा काळा डाग उठला. कडा वेड्यावाकड्या, एका अंगाला टीपकागदावर शाई पसरावी तसा. घरात सगळ्यांचं एकमत की हे कुरूप. अव्वानं बिब्बा लावला. अप्पांनी कोमट पाण्यात पाय भिजवून दाढीच्या ब्लेडनं वरची कातडी तासली. दाखवायला नेलं तिथंही सहा महिने कॉर्नच्या पट्ट्याच मिळाल्या. आणि मी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, तो पाय रोज बघत होते. मेलॅनोमा, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा कर्करोग, गोऱ्यांना होतो आणि उन्हानं होतो, एवढं वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं. टाचेला कसलं आलंय ऊन? जांघेत गाठ आली तेव्हा बायोप्सी झाली. सावळ्या माणसांत हा आजार बहुतेक तळवा, तळहात नाहीतर नखाखालीच निघतो, हे मी त्यानंतर वाचलं.

उद्या एम.एस्सी.ला न्यूरल क्रेस्ट घ्यायचंय. गर्भाच्या पाठीवर मज्जारज्जूची नळी मिटत असते, तेव्हा तिच्या काठावरच्या काही पेशी सुटतात आणि चालायला लागतात. कुणी चेहऱ्याचं हाड होते, कुणी मज्जातंतू, कुणी कातडीत जाऊन रंग करणारी मेलॅनोसाइट. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून ३३ तासांचा गर्भ कोमट सलाईनमध्ये काढायचो. माझा दर वेळी फाटायचा. चालणाऱ्या पेशी मला कधी दिसल्या नाहीत, वहीत बाण काढून मार्क मात्र मिळाले.

तयारीसाठी रिचर्ड व्हाइट यांचं काम पुन्हा काढलं आणि दोन तास कुठं गेले कळलं नाही. हा माणूस मेलॅनोमाचे रुग्ण तपासणारा डॉक्टर, आणि प्रयोगशाळेत झेब्राफिश पाळणारा. झेब्राफिश म्हणजे आपलाच गंगेकडचा मासा, हॅमिल्टननं १८२२ साली त्याची नोंद केली. व्हाइट आधी बोस्टनला लिओनार्ड झॉन यांच्याकडे होते. तिथंच २००५ मध्ये एलिझाबेथ पॅटन यांनी माणसातलं बिघडलेलं ब्राफ जनुक माशात घालून मेलॅनोमा उठवला होता. २००८ मध्ये व्हाइट यांनी मोठा झाल्यावरही आरपार दिसणारा कॅस्पर मासा तयार केला. मग २०११ चं काम, जे मला सगळ्यात आवडतं. माशाच्या मेलॅनोमात गर्भातल्या न्यूरल क्रेस्टची जनुकं पुन्हा चालू झालेली दिसली. म्हणजे गाठ नवीन काही शिकत नाही, लहानपणची वाट धरते. मग त्यांनी गाठीऐवजी गर्भच हाताशी घेतले, त्यांच्यावर २००० रसायनं तपासली आणि क्रेस्टच्या पेशी थोपवणारी गोळी शोधली. निघाली लेफ्लुनोमाइड, संधिवाताची. आमच्या खालच्या काकू तीच घेतात.

पण मी अडकले ते २०२२ च्या कामात. तोवर व्हाइट न्यूयॉर्कला. तळव्याच्या मेलॅनोमात सीआरकेएल या जनुकाच्या जादा प्रती सापडतात. ते माशाच्या रंगपेशींत घातलं, तर गाठी उठल्या परांवर. पर म्हणजे माशाचे हातपायच. तिथल्या रंगपेशींत हॉक्स १३ ही जनुकं चालू असतात, गर्भात अवयवाचं टोक कुठं येणार हे ठरवणारी. त्यामुळं तिथं इन्सुलिनसारख्या वाढद्रव्याचा जोर असतो आणि सीआरकेएलला नेमका तोच लागतो. पेशी कितीही म्हातारी झाली तरी आपण टोकाला राहतो हे विसरत नाही.

टाचेला कसलं ऊन, या माझ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ होतं. उन्हाचा फारसा संबंधच नाही. अनवाणी चालण्यावर मी अप्पांना किती बोलले होते! त्याचं आता काय करू? बिब्ब्यावरून अव्वाशी भांडले ते वेगळंच. आणि मुलांना शिकवताना यातलं किती सांगायचं? अप्पांचं नाव न घेता डाग दाखवीन, फळ्यावर, खऱ्या मापाचा.

नंदीध्वजाला आता दादा जातो, तोही अनवाणी. यात्रा झाली की त्यानं तळव्यांचे फोटो पाठवायचे, असं मी ठरवून टाकलंय. तो हसतो, पण पाठवतो. मघाशी आले. उजव्या टाचेवर काळं.

"ओल्या फडक्यानं पुसून परत पाठव," म्हटलं.

"अगं डांबर आहे की ते."

"पूस तरी."

रॉकेल लावून पुसलं म्हणे. अकराला पाच कमी असताना दुसरा फोटो आला. डांबरच होतं.